तालमीची भिंत आणि वस्तादांची छत्री

"लिही," मी उदयला म्हणालो, "पण पहिल्या ओळीत हेच लिही, की यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा बसला नाही. मरेपर्यंत बसला नाही."

उदय मगदूम आमच्या उंबरवेढा तालमीचा सेक्रेटरी. शाळामास्तर माणूस, शंका काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. तालमीला शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची होती. त्यातच नव्या प्रभागरचनेत उंबरवेढा वॉर्डाचे तीन तुकडे करून तीन प्रभागांना वाटून टाकले होते. तेव्हा मेलेल्या वॉर्डाचा इतिहासही स्मरणिकेत घालू, असं त्याच्या डोक्यात आलं. आजवरच्या नगरसेवकांची यादी त्यानं पालिकेतून टाइप करून आणली होती. मी सकाळीच पेन्शनसाठी हयातीचा दाखला देऊन आलो होतो, जिवंत असल्याचा सही-शिक्क्याचा पुरावा खिशात होता, त्यामुळे अंगात जोर होता. कट्ट्यावर आणखी चारपाच रिकामटेकडे होते.

"यादी उलटी ठेव," मी म्हणालो.

"का, केरबानाना?"

"पंच्याऐंशीचं नाव आताच वाचायचं नाही. वाचायचंच असेल तर मला कशाला बोलावलंस? यादी छाप की तेवढी."

त्यानं यादी उलटी ठेवली. "शालनअक्कांनाही बोलावू का? त्या उभ्या होत्या ना तेव्हा?"

"नको. तिचे गुडघे दुखतात. तू लिही."

समोर तालमीची भिंत होती. आता तिला सिमेंटचं प्लास्टर आहे, म्हणजे तिचं तोंड बांधलंय म्हणा. तेव्हा ती चुन्याची होती. चाळीस फूट लांब, बारा फूट उंच, आणि चौकात येणारे चारही रस्ते तिच्याकडे तोंड करून येणारे. वॉर्डात एकच समज होता. मतदानाच्या दिवशी भिंतीवर ज्याचं नाव, तो पालिकेत. बावन्नला कारेकर वकिलांचं नाव होतं, वकील गेले. सत्तावन्नलाही त्यांचंच होतं, पण गणपा गवळ्याच्या म्हशीला चुन्याची चटक लागली होती. तिनं मतदानाच्या आदल्या दिवशी वकिलांची निशाणी अर्धी चाटून टाकली. वकील पडले. म्हशीनं जितक्या वेळा जीभ फिरवली तितक्या मतांनी.

"कुणी मोजलं?" उदयनं विचारलं.

"म्हशीनं. पुढं लिही."

बासष्टपासून भिंत बाबूराव हिरुगडे वस्तादांची. आत आखाड्यावर हार घातलेला फोटो आहे तो त्यांचाच. मिशी तशीच होती, नजरही तशीच. समोरचा माणूस कुठल्या डावानं पडेल याचा हिशोब करणारी. बासष्ट, सदुसष्ट, चौऱ्याहत्तर, एकोणऐंशी. चार निवडणुका, तीच छत्रीची निशाणी आणि छत्रीखाली तीच ओळ: घरोघरी नळ, दारोदारी पाणी. पहिल्या दोन माझ्या बापानं रंगवल्या, पुढच्या दोन मी. मजकूर बदलायचा प्रश्नच आला नाही, कारण नळ आलाच नव्हता. अख्ख्या पेठेला चौकातला एक नळ, त्याला सकाळी तासभर पाणी, आणि ते आटलं की पालिकेचा टँकर. टँकर कुठल्या गल्लीत शिरायचा हे वस्ताद ठरवायचे. मत न देणाऱ्या गल्लीत तो शिरतच नसे.

आणि पंच्याऐंशीला वस्तादांच्या विरोधात उभी राहिली माझी थोरली बहीण.

शालनअक्काची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली. दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून पाण्याबद्दल शिव्या द्यायची. ऐकून ऐकून एक दिवस अक्कानं पट्टा थांबवला आणि म्हणाली, "मला काय सांगताय? मी काय नगरसेवक हाय?" कुणीतरी म्हणालं, "मग हो की!" झालं. कपबशी निशाणी मिळाली. भावकीत कुणी म्हणालं, बाईच्या जातीला हे शोभत नाही. अक्का म्हणाली, "बाईच्या जातीला घागर शोभती व्हय रं? तू उचल की मग उद्यापास्नं."

वस्तादांनी मला आखाड्यात बोलावून घेतलं. ते मातीत बसले होते आणि एक पठ्ठ्या त्यांच्या पाठीला तेल चोळत होता. मला बसायला सांगितलं नाही.

"केरबा, भिंत कधी धरतोयस?"

"सांगाल तेव्हा, वस्ताद."

"भईण उभी हाय तुझी."

"हाय की."

"मग हात थरथरंल तुझा."

"हात माझा हाय, वस्ताद. भईण भईण हाय."

ते हसले. हसले की त्यांची मान हलायची नाही, फक्त पोट हलायचं. "पालिकेत पेंटरची जागा निघालीय. कायमची. पाट्या रंगवायच्या, सावलीत बसून. तुझ्या बापाला मी म्हणालो हुतो, तुझ्या पोराचं बघतो म्हणून. ह्या वर्षी भिंत अशी रंगीव की पुढल्या निवडणुकीपर्यंत हलायला नको. आन् हललीच..." त्यांनी पठ्ठ्याच्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि माझ्या पायाशी मातीत ओतली. "तर तुझं असं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" उदयनं पेन थांबवून विचारलं.

"मी म्हणालो, वस्ताद, केरबाचा कुंचला विकाऊ नाही."

"खरंच असं म्हणालात?"

"मनात म्हणालो. बाहेर मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हटलं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, मास्तर? पुढं ऐक. खरी कारागिरी आता आहे."

भिंत रंगवायची म्हणजे काय ते या पोरांना ठाऊक नाही, म्हणून सांगावं लागलं. चुना भिजवून गाळायचा, चिमूटभर नीळ घालायची, आणि मग सरस. सरस म्हणजे जनावरांचं कातडं शिजवून केलेला चिकट डिंक. तो शिजवताना असा वास सुटतो की शेजारीपाजारी जेवण सोडून उठतात. पण सरस घातला की चुना भिंतीला धरतो, पाऊस पडो की पूर येवो. न घातला तर? दिसायला दोन्ही सारखेच, पांढरे शुभ्र. पण पाण्याचा एक लोट मारा, चुना दुधासारखा वाहून जातो आणि त्याच्या खाली जे काही जुनं लिहिलेलं असेल ते वर येतं.

मी अक्काच्या गिरणीत गेलो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"छत्री काढणार म्हणं तू माझ्या विरोधात."

"काढणार."

"बाहेर हो."

"अक्का, ऐकून तर घे."

"बाहेर हो म्हणलं न्हवं! बापाच्या कुंचल्यानं माझ्या तोंडाला काळं फासायला निघालास आन् वर ऐकून घे म्हणतोस? किती दिलं रं त्यानं?"

मी गिरणीचा पट्टा बंद केला. पिठाचा धुरळा खाली बसेपर्यंत थांबलो आणि तिच्या कानात सांगितलं. पांढऱ्यात सरस घालत नाही. वरून छत्री काढतो, खाली मागच्या चारही छत्र्या आहेत, चारही वेळचा नळ आहे. तू फक्त मतदानाच्या सकाळी भिंत भिजेल असं बघ.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. पापण्यांवर पीठ होतं तिच्या.

"भिंत भिजवायची कशी? पाणी हाय कुठं पेठंत?"

"वस्तादांच्या टँकरात आहे."

"तो कशाला त्याची भिंत धुईल?"

"घाण झाली की धुईल. त्याला त्याचं नाव लई प्यारं हाय."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "केरबा, ही माझी एकच खेप हाय. पडले तर ह्या पेठंत परत कुणी बाई उभी ऱ्हायची न्हाई. पाणी न्हाई ते न्हाईच, वर गिरणीचं लायसन तो काढून घेणार. शपथ घे."

मी बापाच्या कुंचल्याची शपथ घेतली.

"पण वस्तादांना संशय आला नाही?" उदय म्हणाला. "सरसाचा वास आला नसता तर त्यांच्या माणसांना कळलं असतं ना?"

अशी शंका काढतो हा! म्हणून मी त्याला सांभाळून घेतो.

"म्हणून तर मी चपलेचा जुना तळवा डेगीत टाकून दिवसभर उकळला! गल्लीभर वास. वस्तादांचा पठ्ठ्या बंडा येऊन नाकाला फडकं लावून उभा राहिला आणि म्हणाला, 'केरबा, आज लई सरस घालतोयस रं!' मी म्हणालो, 'वस्तादांची भिंत हाय, जरा जास्तच.'"

"आणि हात लावून बघितलं असतं तर? हाताला चुना लागला असता."

"बघितलं की! वस्ताद स्वतः आले, अंगठा घासून बघितला, अंगठा कोरडा. कारण अंगठा पोचतो तेवढ्या उंचीपर्यंतच्या पट्ट्यात मी खरा सरस घातला होता. त्याच्या वर नुसता चुना. वस्तादांची उंची मला पाठ होती, गेल्या निवडणुकीत त्यांचं आख्खं चित्र मीच काढलं होतं."

कट्ट्यावरचे हसले. कुणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला. मी मांडी बदलून बसलो, कारण आता मतदानाची सकाळ येणार होती आणि ती सांगायला मला ऐसपैस जागा लागते.

मतदानाच्या दिवशी चौकातला नळ कोरडा होता. तीन दिवस कोरडाच होता. बायका तरीही ओळीनं घागरी मांडून उभ्या होत्या, त्या दिवशी जरा जास्तच. सातला मतदान सुरू होणार होतं, शाळा दोन गल्ल्या पलीकडे. साडेसहाला वस्ताद पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला गुलाल लावून चौकात आले. येऊन बघतात तर भिंतीवर त्यांच्या नावापासून छत्रीच्या टोकापर्यंत शेण. ओलं, ताजं, अगदी बादल्यांनी मारलेलं.

"कुणी केलं?" वस्ताद ओरडले. चौकातली कबुतरं उडाली.

अक्का नळाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी.

"शालन, तू केलंस."

"मी रात्रंदिस दळण दळते, वस्ताद. शेण थापायला येळ हाय कुठं मला?"

"तुझ्या बापाला मी पोसलं. तुझ्या नवऱ्याच्या मौतीला लाकडं मी दिली."

"लाकडं दिली, बरं केलं. पाणी द्या म्हणत हुतो आम्ही."

"माजलीस!"

"तहानलेय."

वस्तादांच्या मानेची शीर टरारली. त्यांनी बंडाला हाक मारली. "टँकर आण."

बंडा घुटमळला. "वस्ताद, टँकर वरच्या गल्लीला लावलाय, बायका थांबल्यात तिथं..."

"आण म्हणतो न्हवं! मतं पडायच्या आधी माझं नाव स्वच्छ दिसलं पायजे."

आणि टँकर आला. लिही, उदय, नीट लिही. तीन दिवस घोटभर पाणी न मिळालेल्या पन्नासएक बायका, त्यांच्या पायाशी कोरड्या घागरी, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर भरलेल्या टँकरचा पाइप भिंतीवर सोडलेला. बंडा पाइप धरून होता. पाणी शेणावर आदळलं, शेण उतरलं. गटारातून पाणी वाहायला लागलं. एका म्हातारीनं पुढं होऊन त्या गटाराच्या पाण्याखाली कळशी धरली. वस्तादांनी पायानं कळशी उडवली.

"आणि मग?" उदयचं पेन भरधाव चाललं होतं.

मग भिंत बोलली.

आधी छत्रीचा दांडा गेला. मग वस्तादांच्या नावातला 'ब'. चुना दुधासारखा खाली यायला लागला आणि त्याच्याआडून एकोणऐंशी सालची छत्री वर आली. तिच्याखाली घरोघरी नळ, दारोदारी पाणी. बंडा घाबरून पाइप हलवायला लागला, तर पाण्याच्या जोरानं तीही गेली आणि चौऱ्याहत्तरची आली. तिच्याखाली घरोघरी नळ. मग सदुसष्टची, माझ्या बापाच्या वळणदार अक्षरातली. मग बासष्टची. बायका मोठ्यानं वाचायला लागल्या. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, पण त्याही म्हणत होत्या, घरोघरी नळ, घरोघरी नळ, जशी काही आरतीच. वस्ताद ओरडत होते, बंद कर, बंद कर, पण चावीच अडकली होती. तेवीस वर्षांची राजवट चाळीस फुटांत उघडी पडली होती. शेवटी वकिलांची निशाणीसुद्धा वर आली, तीही अर्धी, आणि तिच्यावर म्हशीच्या जिभेचे वळ...

सगळे माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. मला वाटलं, गोष्ट रंगली. मी आवाज चढवला.

"...आणि वस्ताद, हा एवढा दांडगा गडी, गुडघ्यावर बसला! चौकात, चिखलात! आणि अक्कानं काय केलं असेल? तिनं टँकरची चावी स्वतः फिरवली, पाइप घेतला आणि पहिली घागर..."

"केरबा."

चाळीस वर्षांत त्या आवाजानं मला हाक मारली नव्हती.

अक्का माझ्या मागं कट्ट्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर काठी आडवी, हातात पिशवी, पिशवीतून फोटोची एक चौकट डोकावत होती. उदयनं स्मरणिकेसाठी फोटो मागितला होता, तो द्यायला आली असणार. किती वेळची बसली होती कोण जाणे. कुणी मला खुणावलंही नाही.

"अक्का," मी म्हणालो, "तू कशाला एवढं चालत..."

ती माझ्याशी बोलत नव्हती. उदयकडे बघत होती.

"टँकर आला हुता, ते खरं हाय," ती म्हणाली. "शेण मीच मारलं हुतं, ह्यानं सांगितलं म्हणून. कळशी लाथाडली, तेबी खरं. आम्ही सगळ्याजणी घसा कोरडा करून बघत हुतो. मी सगळ्यांना सांगून ठेवलं हुतं, बघा गं, आता भिंत बोलंल, माझ्या भावानं शपथ घेतलीय. शेण धुऊन निघालं आन् छत्री निघाली. पहिल्यापेक्षा लखलखीत. एक काडी हलली न्हाई तिची. बायका माझ्या तोंडाकडं बघाय लागल्या."

चहावाल्यानं माझा चहा आणून कट्ट्यावर ठेवला.

"मला वाटलं, खालच्या पट्ट्यात सरस घातला असंल, वस्ताद अंगठा लावणार म्हणून. ते मीच तोंडानं म्हणाले हुते तेव्हा, मनाची समजूत काढायला. त्येच आज हा त्याच्या कारागिरीत घालतोय." तिनं काठीनं भिंतीकडे दाखवलं. "म्हणून घागर पालथी घातली, वर चढले आन् हात पोचंल तिथं नखानं खरवडलं. नख तुटलं माझं. चुना निघाला न्हाई. आधी गल्लीत वास आला तेव्हा मला ह्यानं सांगितलं हुतं, अक्का, चपलेचा तळवा उकळलाय, वास खोटा हाय. वास खोटा नव्हता रं मास्तर. वासच तेवढा खरा हुता."

उदयनं उलटी ठेवलेली यादी सरळ केली. वाचली आणि परत मांडीवर ठेवली.

"तुझ्या यादीत पंच्याऐंशीला हिरुगडेच हाय," अक्का म्हणाली. "मला बघायची गरज न्हाई. त्याचं सगळं लिहिलंस न्हवं? आता येवढं आणि लिही. त्या भिंतीत ह्यानं दुप्पट सरस घातला हुता. आन् खाली ह्याचं नाव घाल, हुद्द्यासकट. केरबा गुंडाप्पा चौगले, महापालिका पेंटर, सेवानिवृत्त."